सुंद्राच्या अंगात आलं तो दिवस

सातवा महिना सरत आला तशी सुंद्राच्या पायातली जोडवी बोटांत रुतायला लागली. सुंद्रा म्हणजे माझी धाकटी जाऊ, नामदेव भावजींची बायको. तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिची ती पहिलीच खेप होती. सकाळी उठायची तेव्हा पाय बरे असायचे, पण दिवस कलला की घोट्याचं हाडसुद्धा दिसेनासं व्हायचं. पुढे पुढे तर सकाळचेही पाय तसेच राहू लागले. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अक्का, जोडवी काढून ठेवू का? लई ठणकून राह्यलंय." मी मान वर न करता म्हणाले, "सवाष्णीनं जोडवी काढायची नसतात. तेल लाव, ढिली व्हतील." तिनं तेलाची वाटी ओढली. माझ्या शब्दापुढे बोलायची तिला सवयच नव्हती.

आमचं घर तीर्थपुरीचं. निजामाचं राज्य होतं, आणि जर्मनीच्या लढाईमुळे रॉकेलसुद्धा चिमटीनं वापरावं लागायचं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यामुळे घरातली मोठी बाई मीच. माझं वय तिशीचं, लग्नाला चौदा वर्षं झालेली आणि मांडी रिकामी. माझे वडील पटवारी होते. त्यांनी मला हौसेनं अक्षरं शिकवली, त्यामुळे मी पोथी वाचत असे आणि गावातल्या बायका माझ्याभोवती बसून ऐकत असत. अंबडच्या टेकडीवरच्या देवीचं नवरात्र मी अकरा वर्षं नऊही दिवस नुसत्या पाण्यावर केलं होतं. त्या उपासाचा मला मोठा अभिमान होता. तो अभिमान होता हे मला त्या वेळी कळत नव्हतं, मी त्याला भक्ती म्हणत होते.

सुंद्राला दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला आणि पोटात कुठेतरी टोचलंही. दोन्ही खरं आहे. मी देवीला बोलून बसले की, या घरात मूल येऊ दे, आठव्या महिन्यात नवरात्रात मी सुंद्राला पायऱ्या चढून तुझ्या दारी आणीन आणि तिच्या हातानं तुझी ओटी भरीन. सुंद्राला मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं असं मनातही आलं नाही. शिवाय माझ्याबरोबर तिनंही उपास धरावा असं मी ठरवलं. तिला नुसतं पाणी नव्हतं, भगर आणि शेंगदाणे होते, पण उपास तो उपासच.

तिचं अंग काय काय सांगत होतं ते आज ओळीनं आठवतं. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या आणि शेजारणी म्हणत होत्या, "तेज आलंया पोरीला." बांगड्या मनगटावरून हलत नव्हत्या. दिवसातून एकदा-दोनदाच लघवीला जायची, तीही थोडी आणि चहासारखी. कपाळ ठणकतं म्हणायची, तर मी सुंठ उगाळून लावली. वरच्या पोटात बरगडीखाली दुखतं म्हणाली, तर मी म्हणाले, "उपासानं पित्त झालं असंल." आणि निघायच्या आदल्या दिवशी दारातून आत येताना उंबऱ्याला धरून ती थांबली. म्हणाली, "अक्का, डोळ्यापुढं काजवे चमकून राह्यलेत." मी हसले. म्हणाले, "देवीकडं जायचं म्हणून उजेड दिसून राह्यला तुला." हे मी हसून म्हणाले होते.

ज्वारीची पेरणी चालली होती म्हणून माझे मालक शेतावर राहिले. मी, सुंद्रा आणि नामदेव भावजी सातव्या माळेला बैलगाडीनं निघालो. अंबडला पोचून धर्मशाळेत उतरलो आणि आठव्या माळेला सकाळी दर्शनाला निघालो. आश्विनाचं ऊन होतं. टेकडीच्या पायथ्याशी दुकानं, परड्या घेतलेल्या बायका, संबळ वाजवणारे गोंधळी, लेकरं. एका बाजूला पांढरी राहुटी होती. तिथे सरकारी माणसं जत्रेला आलेल्यांना हैज्याची, म्हणजे पटकीची, सुई टोचत होती. लोक तिकडून अंग चोरून जात होते. आम्हीही तसेच गेलो. भावजी नारळ आणि खण घ्यायला मागे थांबले आणि आम्ही दोघी पायऱ्या चढू लागलो.

निम्म्यावर आल्यावर सुंद्रा खाली बसली. मी म्हणाले, "थोडंच राह्यलं, ऊठ." तिनं माझ्याकडे तोंड केलं, पण नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. ती म्हणाली, "अक्का, मला दिसंना." एवढंच. मग तिच्या घशातून एक असा आवाज निघाला की आजूबाजूच्या बायका जागच्या जागी थांबल्या. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मान मागे गेली, डोळे पांढरे झाले. मग हातपाय झटके देऊ लागले. पदर सुटला, अंबाडा सुटला, केस पायरीवर पसरले.

कोणी तरी म्हणालं, "आली. आई आली."

त्या शब्दांनी सगळं ठरलं. बायकांनी तिच्याभोवती कडं केलं. एकीनं मळवट भरला, पायांवर कुंकू वाहिलं. संबळवाला खालून धावत आला आणि वाजवू लागला. लोक हात जोडून उदो उदो करू लागले. आणि मी? मला भीती वाटली असं मला लिहिता आलं असतं. पण मला आनंद झाला. अकरा वर्षं मी जिची वाट पाहिली ती माझ्या घरच्या पोरीच्या अंगात, माझ्या डोळ्यांदेखत आली, असं मला वाटलं. अंगावर काटा आला. मी गुडघ्यावर बसले, तिचे उडणारे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि त्यांवर डोकं ठेवलं. आता सगळ्यांत लाजेची गोष्ट लिहिते. मी तिला सुंद्राच्या पोटातल्या मुलाबद्दल विचारलं नाही, तिच्या बाळंतपणाबद्दल विचारलं नाही. मी विचारलं, "आई, माझी कूस कवा उजवंल?"

पाय हळूहळू थांबले. लोक म्हणाले, आई शांत झाली. सुंद्रा घोरत होती, जड, घरघर करत. मी कोणी तरी पुढे केलेला तीर्थाचा गडू हातात घेतला आणि तिच्या ओठांना लावायला वाकले, तेव्हा ओठांच्या कडेचा फेस मला जवळून दिसला. तो लाल होता. तिची जीभ दातांखाली सापडून फाटली होती. माझी नजर तिच्या पायांकडे गेली. मी जिथे धरलं होतं तिथे माझ्या बोटांचे खड्डे होते. हात काढून किती तरी वेळ झाला होता, पण खड्डे भरून येत नव्हते. ओल्या मातीत बोटं खुपसावीत तसे ते आठही खड्डे तिच्या नडग्यांवर उघडे राहिले होते, आणि पुढे दोन अंगठ्यांचे.

हातातला गडू तसाच राहिला. संबळ वाजत होता, लोक उदो म्हणत होते, एक म्हातारी सुंद्राच्या पायाशी पैसा ठेवत होती, आणि माझ्या डोक्यात फक्त एकच गोष्ट फिरत होती: जिवंत माणसाच्या अंगात असा खड्डा राहतो कसा.

"ते पाणी बाजूला ठेवा."

कडं फोडून एक बाई आत आली होती. चाळिशीची, पांढरं लुगडं, पायात बूट, हाताला स्पिरिटचा वास. खालच्या राहुटीत सुया टोचणारी नर्स. तिचं नाव सकिनाबी, हे मला नंतर कळलं. ती सुंद्राशेजारी बसली, तिच्या पापण्या उघडून पाहिल्या, नडगीवर अंगठा दाबला आणि म्हणाली, "कितवा महिना?"

मी म्हणाले, "आठवा."

"डोकं दुखत होतं? डोळ्यापुढं अंधारी?"

मी हो म्हणून मान हलवली.

एक बाई सुंद्राचे दात उघडायला किल्ली घेऊन आली होती. सकिनाबीनं तिचा हात धरला. "दातात काही घालू नका. तोंडात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, फुप्फुसात जाईल." तिनं सुंद्राला डाव्या कुशीवर वळवलं. तोंडातला फेस आणि रक्त बाहेर ओघळलं तशी घरघर कमी झाली. मग ती संबळवाल्याला म्हणाली, "वाजवणं बंद करा. आवाजानं पुन्हा येईल."

गर्दीतला एक माणूस पुढे झाला. "बाई, अंगाला हात लावू नका. देवी हाय ती. कोप व्हईल."

सकिनाबीनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "कोप व्हायचा तर माझ्यावर होईल. तुम्ही बिलकुल काळजी करू नका. बाजूला सरका, हिला वारा लागू द्या." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही हिच्या कोण?"

"मोठी जाऊ."

"मंग ऐका. ही देवी न्हाई. हा गरोदरपणाचा आजार आहे. पोरगी मरून राह्यली आहे. आत्ता उचलली तर वाचेल कदाचित."

तिचे शब्द मला ऐकू आले, पण अर्थ लागायला वेळ लागला. मरून राह्यली आहे. माझ्या कपाळावर सुंद्राच्या पायांचं कुंकू होतं. जी मरत होती तिच्या पायांवर मी डोकं ठेवलं होतं आणि तिच्याकडे स्वतःसाठी मूल मागितलं होतं.

तोपर्यंत नामदेव भावजी नारळ घेऊन वर पोचले होते. बायकोच्या अंगात देवी आली म्हणून वाटेतच लोक त्यांच्या पाया पडत होते, असं ते पुढे सांगत. त्यांनी आणि आणखी तिघांनी घोंगडी धरली आणि सुंद्राला कुशीवरच खाली नेलं. राहुटीत ठेवेपर्यंत दुसरा झटका आला. या वेळी मी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. तोंड किती निळं पडतं ते मी पाहिलं.

सकिनाबी मूळची जालन्याच्या बायकांच्या दवाखान्यातली, बाळंतपणाची पेटी तिच्याजवळच असे. तिनं सुंद्राला झोपेची सुई दिली, मग बारीक रबरी नळीनं थोडी लघवी काढली, काचेच्या नळीत घेतली आणि सुया उकळायच्या दिव्यावर धरली. "बघा," ती मला म्हणाली. नळीतलं पाणी गरम झालं तसं ते गढूळ झालं आणि दूध नासावं तशा पांढऱ्या गुठळ्या झाल्या. ती म्हणाली, "निरोगी बाईची लघवी उकळली तर स्वच्छ राहते. हिच्या अंगातलं सत्त्व इकडून वाहून चाललंय. अंगावर सूज येते ती त्यामुळंच. किती दिवस पाय सुजलेत?"

मी म्हणाले, "दीड महिना."

कात्रीसारखं एक लहान हत्यार घेऊन तिनं सुंद्राची जोडवी कापून काढली. बोटांना काळीनिळी वळं पडली होती. मी तिथेच उभी होते. तिनं मला एखादा कठोर शब्द बोलायला हवा होता. तो ती बोलली असती तर मला रडता आलं असतं.

टोचणीवाल्यांची मोटार राहुटीमागे उभी होती. ती मंडळी खरं तर आदल्या दिवशीच जालन्याला परतायची होती. मोटारीच्या चाकाची ट्यूब फाटली आणि नवी यायला एक दिवस गेला, ती त्याच सकाळी बसवली होती. हे ड्रायव्हर गाडी सुरू करता करता सहज बोलला. मी त्यावर तेव्हा विचार केला नाही. आजही त्याबद्दल कोणाशी वाद घालत नाही. ट्यूब फाटते, कुठेही फाटते. पण त्या एका दिवसावर माझ्या जावेचा जीव टांगलेला होता आणि तो दिवस आम्हाला मिळाला, एवढंच मी सांगू शकते.

जालन्यापर्यंत सुंद्राचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत आणखी एक झटका आला. सकिनाबी घड्याळ पाहून कागदावर काही टिपत होती आणि मला सांगत होती, असं धरा, हनुवटी अशी ठेवा, श्वास मोजा. मी श्वास मोजले. त्या वाटेवर मी एकही स्तोत्र म्हटलं नाही. मला इतकी स्तोत्रं पाठ होती, पण एकसुद्धा ओठावर आलं नाही.

जालन्याच्या बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुंद्राच्या दंडाला पट्टा बांधून तो फुगवला, रक्ताचा जोर मोजला आणि सकिनाबीकडे पाहिलं. दोघींचं जे बोलणं झालं ते उर्दूत झालं, पण चेहऱ्यांवरून मला सगळं समजलं. सुंद्राला एका कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. खिडकीला घोंगडी लावून अंधार केला. दार वाजवायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं पडू द्यायचं नाही. दर काही तासांनी मांडीत सुई द्यायची. मी विचारलं तेव्हा सकिनाबी म्हणाली, "हे पण एक जातीचं मीठच आहे, पण खायचं न्हाई. झटके थांबवतं." सुई द्यायच्या आधी ती लाकडी हातोडीनं सुंद्राच्या गुडघ्याखाली हलकेच ठोकून पाय उडतो का पाहायची, श्वास मोजायची, आणि लघवी किती झाली ते मापात पाहायची. यातलं एकही चुकलं तर ती सुई देत नसे. इतक्या मनापासून कोणी माणसाची सेवा करताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी देवघरातसुद्धा इतकी सावध नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झालं. मुलगा होता. पूर्ण घडलेला, बोटांना नखंसुद्धा आलेली. तो रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, बराच वेळ चोळली. मग त्यांनी त्याला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं, कारण आई शुद्धीवर नव्हती. चौदा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरचं मूल माझ्या हातात आलं ते असं. भावजी बाहेर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढे फडकं धरलं. ते म्हणाले, "तोंड दाखवा अक्का." पाहिलं, आणि मग ते स्वतःच त्याला घेऊन गेले.

झटके थांबले होते. सूज उतरू लागली, लघवी मोकळी झाली. पुढच्या सकाळी सुंद्रानं डोळे उघडले. मी वाकून म्हणाले, "सुंद्रा, मी हाय." ती म्हणाली, "अक्का, दिवा लावा ना." मी खिडकीची घोंगडी थोडी बाजूला केली. तिच्या तोंडावर उजेड पडला. ती म्हणाली, "दिवा न्हाई का घरात?"

मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बॅटरी डोळ्यांत धरली, बाहुल्या पाहिल्या. म्हणाल्या, या आजारात असं होतं. पुष्कळदा नजर परत येते, काही दिवस लागतात. खात्री त्यांनी दिली नाही. सुंद्रा घाबरून हात हवेत फिरवत होती. तो हात माझ्या तोंडाला लागला तेव्हा तिनं माझं नाक, कपाळ चाचपलं. मग विचारलं, "लेकरू?" मी खोटं बोलणार होते. पण ती आंधळी पडली असताना तिच्याशी खोटं बोलणं माझ्यानं होईना. मी सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

मी अंधारात बसून राहिले. सवयीनं माझे हात जुळले. देवीला चांदीचे डोळे वाहतात, ते मला ठाऊक होतं. मी म्हणणार होते, आई, हिची नजर परत दे, मी तुला चांदीचे डोळे वाहीन. वाक्य निम्मं झालं आणि अडलं. इतकी वर्षं मी काय करत होते ते मला त्या क्षणी दिसलं. मी उपास द्यायची आणि त्याबदली काही मागायची. या पोरीच्या पोटातलं मूलसुद्धा मी सौद्यात घातलं होतं, आणि तो सौदा तिच्या सुजलेल्या पायांनी चढायला लावला होता. आता आणखी काय देऊ करणार होते मी? माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं आणि मागायला तोंड नव्हतं. मी जुळलेले हात सोडले. मनात एवढंच म्हणाले, तुला जे करायचं ते कर, मी हिच्यापाशी बसते. त्यानंतर मी काही मागितलं नाही. तिला पाणी पाजलं, कूस बदलली, छातीत दूध दाटून आलं होतं ते फडक्यानं बांधून दिलं, केसांतला मळवटाचा कुंकवाचा लगदा ओल्या कापडानं थोडा थोडा सोडवला. जन्मात इतकी शांत मी कधी झाले नव्हते. सगळीकडून रिकामी झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्या रिकामेपणात मला कोणी एकटं टाकलेलं नाही असंही वाटत होतं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पेज भरवत होते. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अक्का, तिथं काळं काय लावलंय?"

माझ्या हातातला चमचा थांबला. म्हणाले, "घोंगडी."

"तिला तांबडा काठ हाय."

होता. घोंगडीला तांबडा काठ होता. मी पेजेची वाटी खाली ठेवली आणि खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. सकिनाबी समोरून येत होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दिसलं?" आणि जवळजवळ धावत आत गेली.

घरी आल्यावर महिनाभरानं मी सुंद्राला सगळं सांगितलं. पायऱ्यांवरचं तिला काहीच आठवत नव्हतं. लोक अजूनही तिला नमस्कार करत होते आणि तिला त्याचं कारण कळत नव्हतं. मी जोडव्यांचं सांगितलं, उपासाचं सांगितलं, न विचारता बोललेल्या नवसाचं सांगितलं, आणि शेवटी मी तिच्या पायांना धरून काय विचारलं तेही सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग मी काय सांगितलं?"

"काही न्हाई. तू दात खाऊन राह्यल्ती."

तिनं सूप बाजूला सारलं. मग तिचे डोळे भरले, माझेही भरले, आणि त्या लेकरासाठी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो. तिनं मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्या शब्दापुढे बोलू लागली, आणि मला ते आवडू लागलं.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी पाचव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी मी तिला घेऊन जालन्याला जात असे. लघवी उकळून पाहायची, दंडाला पट्टा बांधायचा. डोकं दुखलं, अंधारी आली, वरचं पोट दुखलं, की दिवस पाहायचा नाही, तडक निघायचं. सकिनाबीनं दुपारची झोप सांगितली, डाव्या कुशीवर निजायला सांगितलं, दूध आणि डाळ भरपूर खायला सांगितली. उपास तिनं साफ बंद केले. शेवटच्या महिन्यात रक्ताचा जोर थोडा चढला तेव्हा तिनं सुंद्राला दवाखान्यातच ठेवून घेतलं. मुलगी झाली. लहानशी, पण अशी रडली की बाहेर भावजींना हसू आवरेना.

निघायच्या दिवशी मी खण, नारळ आणि नवं लुगडं घेऊन सकिनाबीपुढे गेले. ओटी भरायला हात पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच माझी देवी." मी वाकत होते तशी तिनं मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

"मला देवी करू नका अक्का," ती म्हणाली. "देवी केलं की लोक पाया पडतात. काम करू देत न्हाईत." लुगडं मात्र तिनं घेतलं, रंग पसंत पडल्याचंही सांगितलं, आणि पलीकडच्या खोलीत कोणी तरी कण्हत होतं तिकडे निघून गेली.

पुढे राज्य बदललं, माणसं इकडची तिकडे झाली. सकिनाबीची बदली झाली असं कळलं, कुठे ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. माझी कूस उजवली नाही. मी देवीला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि तिच्यावर रागही धरला नाही. तिनं त्या दिवशी मला काय दिलं हे उमजायला मला फार वर्षं लागली. मी मागितलेलं ते नव्हतं, तिनं माझं मागणंच सोडवलं होतं. नवरात्रात मी अजून घट बसवते, पण आता दोन वेळा जेवते. सुंद्राची मुलगी फुलं आणून देते आणि दोघी मिळून माळ करतो. हात जोडले की पूर्वी शब्दांची रांग लागायची. आता जो दिवस आला तो आला म्हणून तिला नमस्कार करते, आणि उठून जिला माझी गरज आहे तिच्याकडे जाते.